वूस्टरच्या वाटेवरची पोरं: रेड सॉक्सच्या होतकरू खेळाडूंचा मोसमभर माग कसा ठेवायचा

आमचे बाबा दादरचे. पावसाळा आला की कांगा लीगचे स्कोअर पेपरातून कापून वहीत चिकटवायचे. ओल्या विकेटवर कोणता सतरा वर्षांचा पोरगा दीड तास टिकला, हे त्यांना निवड समितीच्या आधी दोन वर्षं ठाऊक असायचं. पुढे तो मुंबईकडून खेळला की "मी सांगत नव्हतो?" म्हणायला ते मोकळे. आईला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा. मलाही वाटायचा, २०२१ पर्यंत.

त्या वर्षी बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल क्लबचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या एकच पायरी खालचा संघ, ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट सोडून वूस्टरला आला. आम्ही शेजारच्या श्रूजबरीत राहतो. म्हणजे कांगा लीगच घरापासून दहा मिनिटांवर आली म्हणा ना! मुलगा लिटल लीगमध्ये खेळायला लागला होता, मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या, तिकिटांचे भाव परवडत नव्हते, म्हणून इकडे जाऊ लागलो. पहिली दोन वर्षं मला काहीही कळलं नाही. ज्याला बघायला जावं तो आदल्या दिवशीच दुसऱ्या गावी गेलेला. ज्याचे आकडे बघून मी हरखले, तो सत्तावीस वर्षांचा निघायचा. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं रेड सॉक्सची आहेत, कारण मला तेच माहीत आहेत. पण बाकीच्या एकोणतीस संघांची घडीही अशीच असते.

सुरुवातीलाच एक गाठ मारून ठेवा. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, संघ जिंकला की हरला, याला फारसं महत्त्व नाही. मुंबई रणजी हरली की घरात सुतक असतं, तसं इथं कुणी पाळत नाही. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, छान टाकत असताना पाचव्या इनिंगमध्ये त्याला बाहेर काढतात आणि सामना घालवतात, कारण किती चेंडू टाकायचे हे बॉस्टनमधून ठरून आलेलं असतं. बघायचा तो खेळाडू. हे डोक्यात बसायला मला सव्वा वर्ष लागलं.

१. आधी शिडी पाठ करा

२०२१ ला मायनर लीगची फेररचना झाली. तेव्हापासून प्रत्येक मेजर लीग संघाच्या हाताखाली पूर्ण मोसम खेळणारे चार संघ असतात. असे एकूण १२० संघ. त्यांच्या खाली नवशिक्यांच्या पायऱ्या. रेड सॉक्सची शिडी खालून वर अशी आहे:

– डॉमिनिकन समर लीग: लॅटिन अमेरिकेतून सोळा-सतराव्या वर्षी करार केलेली मुलं.
– फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग, फोर्ट मायर्स: सरावाच्या मैदानावर, भर दुपारी, जवळजवळ प्रेक्षकांविना.
– सिंगल-ए: सेलम, व्हर्जिनिया.
– हाय-ए: ग्रीनव्हिल, साउथ कॅरोलायना.
– डबल-ए: पोर्टलंड, मेन.
– ट्रिपल-ए: वूस्टर, मॅसॅच्युसेट्स. स्पेलिंग कसंही असो, उच्चार वूस्टर. पहिल्याच दिवशी तिकीट खिडकीवर मी 'वॉर्सेस्टर' म्हणाले होते.

सगळ्यात मोठी उडी डबल-एला असते. हाय-एपर्यंत नुसत्या वेगावर निभावतं. डबल-एचे पिचर मात्र बॅटरला काय खेळता येत नाही ते हेरून तेच टाकत राहतात. तिथं टिकला तो खरा. ट्रिपल-ए ही खरं तर धर्मशाळा आहे: वर जाणारे, वरून आलेले, आणि बॉस्टनला कुणाचा गुडघा दुखावला तर हाताशी असावेत म्हणून ठेवलेले तिशीतले गडी, सगळे एकाच पंगतीत.

संघांची टोपणनावं आणि बोधचिन्हं बदलत राहतात, ती पाठ करू नका. गाव आणि पायरी लक्षात ठेवा.

२. नावं आठच निवडा

पहिल्या वर्षी मी तीस नावांची यादी केली. मे संपेपर्यंत ती वही ड्रॉवरमध्ये गेली. नोकरी, घर, मुलाचा सराव सांभाळून तीस पोरांचा माग काढणं हे पगारी माणसाचं काम आहे. आठ पुरे. माझी वाटणी साधारण अशी असते: ट्रिपल-एमधले दोन, डबल-एचे दोन, हाय-ए आणि सिंगल-एचे मिळून दोन, नुकत्याच ड्राफ्टमधून (संघांनी पाळीपाळीनं नवी पोरं निवडायची दरवर्षीची पद्धत) आलेला एक, आणि उरलेला एक कुणीही न विचारलेला, केवळ आपल्याला आवडला म्हणून. या शेवटच्यानंच जास्त मजा येते.

नावं मिळवायची कुठून? एमएलबी पाइपलाइन, बेसबॉल अमेरिका, फॅनग्राफ्स हे तिघं दर हिवाळ्यात क्रमवारी काढतात आणि मोसमात ती बदलतात. तिन्ही याद्या शेजारी ठेवा. तिघांतही पहिल्या दहात असलेली नावं घ्या आणि क्रमांकावरून वाद घालू नका. सहावा आणि नववा यांत फरक नसतो, तो यादी करणाऱ्याच्या मनःस्थितीत असतो.

याद्यांमध्ये २० ते ८० अशी गुणांची पट्टी दिसेल. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. त्यामुळे ५० बघून नाक मुरडू नका, बॉस्टनमध्ये रोज खेळणं ही काय साधी गोष्ट आहे? बॅटरचे पाच गुण मोजतात: चेंडूशी गाठ घालणं, ताकद, पळणं, क्षेत्ररक्षण, फेक. माझ्या मते पहिला सगळ्यांत महत्त्वाचा. चेंडू लागलाच नाही तर ताकदीचं काय लोणचं घालायचं?

पिचर निवडताना जोडीनं निवडा. कोपराची शस्त्रक्रिया झाली की पोरगा वर्षभर किंवा त्याहून जास्त दिसत नाही. टेक्सस रेंजर्सच्या कुमार रॉकरचं घ्या. आई भारतीय वंशाची म्हणून आपल्याकडे त्याच्या नावाची बरीच चर्चा झाली. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा निवडलेला हा मुलगा २०२३ च्या मे महिन्यात कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला आणि मेजर लीगमध्ये उतरला २०२४ च्या सप्टेंबरात.

आणि हो, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. ही नावं काढल्याशिवाय कुठलाही भारतीय माणूस मला सोडत नाही. उत्तर प्रदेशातली ही दोन पोरं २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं करारबद्ध केली, जेमतेम वर्षभर आधीपर्यंत त्यांनी बेसबॉल हातात घेतला नव्हता. दोघंही मायनर लीगच्या तळाच्या पायऱ्यांवर खेळले, मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. भाला फेकणाऱ्या खांद्यालाही ही शिडी किती उंच पडते, हे त्यावरून समजावं.

३. लागणारं सामान

एक वही किंवा एक्सेलचं पान. रकाने सहाच: नाव, जन्मतारीख, पायरी, या महिन्याचे आकडे, आधीच्या महिन्याचे आकडे, शेरा. जन्मतारखेचा रकाना गाळू नका, का ते पुढे येईलच.

फोनवर मायनर लीगचं अधिकृत ॲप. त्यात आवडते खेळाडू नोंदवता येतात. सामन्यांचं थेट प्रक्षेपण एमएलबी.टीव्हीच्या सदस्यत्वात मिळतं. आमच्यासारख्या न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना त्या सदस्यत्वावर खुद्द रेड सॉक्सचे सामने थेट दिसत नाहीत, ते बंद ठेवलेले असतात. मायनर लीगला मात्र अशी बंदी नाही. म्हणजे शेजारचं फेनवे, रेड सॉक्सचं घरचं मैदान, दिसत नाही आणि ग्रीनव्हिल दिसतं, असा उफराटा कारभार.

पुण्या-मुंबईतून बघणाऱ्यांनी घड्याळ लावून घ्या. उन्हाळ्यात इथले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे चार. त्यापेक्षा रविवार धरा. दुपारी एकचा सामना तुम्हाला रात्री साडेदहाला जेवणं उरकून बघता येतो.

ट्रिपल-एच्या चेंडूंचा वेग, फटक्यांचा वेग वगैरे बेसबॉल सॅव्हंट या साइटवर फुकट मिळतं. त्याखालच्या पायऱ्यांवर ही माहिती थोड्याच ठिकाणी सापडते, तिथं डोळे आणि बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता.

४. आठवड्याचा रतीब

मायनर लीगचं वेळापत्रक आपल्या दूधवाल्यासारखं ठरलेलं आहे. मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. ट्रिपल-ए मार्चअखेर सुरू होतं आणि १५० सामने खेळतं. बाकीचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. डबल-एला १३८ सामने, त्याखालच्या दोन पायऱ्यांना १३२. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत खालचे संघ आटोपतात, ट्रिपल-ए आणखी एखादा आठवडा चालतं.

म्हणून रोज आकडे बघायची गरज नाही. सोमवारी सकाळी, चहाबरोबर, आठ नावं, पंधरा मिनिटं. आठवड्याचे आकडे लिहायचे, संघाच्या पानावर हालचालींची यादी असते ती वाचायची, संपलं. रोज बघणाऱ्याला पोरगा मंगळवारी महान वाटतो आणि गुरुवारी गेला कामातून वाटतो. मी हे भोगलं आहे.

हालचालींच्या यादीत दोन फसव्या गोष्टी असतात. एक, 'डेव्हलपमेंट लिस्ट'. नाव दिसलं की पोटात गोळा येतो, पण ही दुखापतीची यादी नव्हे. पोराला काही दिवस सामन्यातून बाजूला ठेवून तंत्र दुरुस्त करायचं किंवा हाताला विश्रांती द्यायची, यासाठी ती वापरतात. दोन, 'रिहॅब'. बॉस्टनचा दुखापतीतून उठलेला खेळाडू चार दिवस वूस्टरला खेळतो. मोठं नाव स्कोअरकार्डावर दिसलं म्हणून त्याला खाली ढकललं असं समजू नका. बॅटरला असे वीस दिवस मिळतात, पिचरला तीस.

आणखी एक. पावसामुळे एकाच दिवशी दोन सामने लावले तर दोन्ही एरवीच्या नऊऐवजी सात-सात इनिंगचे असतात. 'पूर्ण सामना टाकला' असं वाचलंत तर आधी इनिंग मोजा.

५. आकडे वाचायचे कसे

इथं सावकाश जाऊ. नवखे लोक सगळ्यात जास्त इथंच घसरतात.

पहिला प्रश्न नेहमी वयाचा. सातवीच्या गणितात नववीतल्या मुलानं पैकीच्या पैकी मिळवले तर आपण पेढे वाटत नाही. रोमन अँथनीचं २०२४ बघा. डबल-एमधला सर्वसाधारण खेळाडू तेवीस-चोवीस वर्षांचा असतो. अँथनी मे महिन्यात विसाचा झाला. पोर्टलंडला त्याची बॅटिंग सरासरी .२७० च्या आसपास होती, म्हणजे हजार ॲट-बॅटमागे (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या खेपांमागे) २७० यशस्वी फटके. नुसती सरासरी बघणारा म्हणेल, ठीक आहे, बरा आहे. पण चार वर्षांनी मोठ्या पिचरांसमोर, भरपूर वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा फुकटचा बेस) घेऊन, ताकदीचे फटके मारून काढलेली ती .२७० होती. वर्षअखेर तो ट्रिपल-एला पोहोचला आणि पुढच्या जूनमध्ये बॉस्टनला.

दुसरा प्रश्न: स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि वॉक किती? बॅटिंग सरासरीत नशिबाचा वाटा मोठा असतो. फटका जोरात, पण थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात, असं महिनाभर चालू शकतं. चेंडू ओळखणं मात्र नशिबावर नसतं. माझा ठोकताळा असा की शंभर वेळा बॅटिंगला आला आणि तीसहून अधिक वेळा स्ट्राइकआउट झाला, तर वहीत लाल शेरा. वीसच्या खाली असेल आणि दहाच्या वर वॉक असतील, तर सरासरी पडलेली असली तरी मी झोपते निवांत. पिचरचं याच्या उलट बघायचं. किती धावा दिल्या हे शेवटी बघा, आधी किती जणांना चकवलं आणि किती जणांना फुकट पाठवलं ते.

तिसरा प्रश्न: मैदान कुठलं? पोर्टलंड आणि ग्रीनव्हिल या दोन्ही ठिकाणी फेनवेच्या डावीकडच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीची नक्कल उभी आहे. दुसरीकडे झेलबाद झाला असता असा उंच चेंडू इथं भिंतीवर आपटतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवर जाऊन बसतो. उजव्या हातानं खेळणाऱ्याचे डबल मोजताना हे ध्यानात असू द्या. दुसऱ्या संघांच्या पोरांशी तुलना करणार असाल तर आणखी सांभाळून. ट्रिपल-एची पश्चिमेकडची पॅसिफिक कोस्ट लीग घ्या. आल्बुकर्की, रीनो, लास व्हेगस ही उंचावरची, कोरड्या हवेची गावं. चेंडू नुसता उडत जातो. तिथला .३०० आणि वूस्टरचा .३०० एका तराजूत घालू नका.

चौथी गोष्ट नवी आहे. ट्रिपल-एमध्ये चेंडू स्ट्राइक होता की नाही याचा निवाडा यंत्राकडे मागण्याची सोय मेजर लीगच्या बरीच आधी आली. बॅटर, पिचर किंवा कॅचरनं डोक्याला हात लावला की फळ्यावर चित्र दिसतं. यंत्राच्या चौकटीमुळे तिथं वॉक वाढले. तेव्हा डबल-एहून वर गेलेल्या पिचरचे वॉक अचानक फुगलेले दिसले तर लगेच त्याच्या नावावर काट मारू नका, दीड महिना द्या.

आणि पाचवं, थोडक्या सामन्यांवरून निकाल लावू नका. एप्रिलचे आकडे तर मी लिहून ठेवते आणि झाकून ठेवते. इकडे एप्रिलमध्ये हातमोजे घालून बसतो आपण. डॉमिनिकनहून आलेल्या पोरानं पोर्टलंडच्या चार अंश सेल्सियसमध्ये काय दिवे लावावेत अशी अपेक्षा आहे?

क्वचित एखाद्याचं वर्ष असं येतं की वहीत जागा पुरत नाही. क्रिस्टियन कॅम्पबेल २०२३ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत आला, १३२ वा. २०२४ ला हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए असं तीन पायऱ्यांवर खेळून .३३० सरासरी, २० होम रन (कुंपणापलीकडचे फटके), २४ चोरलेले बेस. बेसबॉल अमेरिकेनं त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम मायनर लीग खेळाडू ठरवलं. माझ्या त्या वर्षीच्या आठांत तो नव्हता. मुलगा अजून टोमणे मारतो. पण पुढचंही ऐका: २०२५ ला तो थेट बॉस्टनकडून मोसम सुरू करतो, आठ वर्षांचा सहा कोटी डॉलरचा करार होतो, पहिल्या महिन्यात अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरतो, आणि जूनमध्ये परत वूस्टर.

६. बढतीचा वास कसा घ्यायचा

बढती कधी मिळणार हे आकड्यांपेक्षा परिस्थितीवर ठरतं. खुणा अशा.

जागा बदलली. २०१४ मध्ये मुकी बेट्स पोर्टलंडला सेकंड बेसवर खेळत होता. बॉस्टनमध्ये त्या जागेवर डस्टिन पेड्रोया ठाण मांडून होता. मे महिन्यात बेट्सला अचानक सेंटर फील्डवर पाठवायला सुरुवात झाली. जून संपायच्या आत, २९ तारखेला, तो यांकी स्टेडियमवर रेड सॉक्सकडून खेळत होता. तेव्हा तुमचा शॉर्टस्टॉप कधी नव्हे तो लेफ्ट फील्डला दिसला की बॉस्टनच्या संघात कुठली जागा दुखते आहे ते बघा.

मधेच बाहेर काढलं. तिसऱ्या इनिंगला धडधाकट पोरगा बाकावर जातो आणि सगळे त्याला मिठ्या मारतात. एक तर बढती, नाहीतर अदलाबदल. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, त्या आठवड्यात ॲप उघडं ठेवून बसायची मुभा मी स्वतःला देते. सोमवारचा नियम तेवढा मोडते.

ड्राफ्ट झाला. जुलैच्या मध्यावर वीस फेऱ्यांत नवी मुलं येतात. त्यांना जागा हवी म्हणून ऑगस्टमध्ये आख्खी शिडी एक-एक पायरी वर सरकते.

दिवसांचा हिशेब. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की नोकरीचं एक वर्ष, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू बाजारात मोकळा. मोसम साधारण १८७ दिवसांचा. म्हणजे पोराला पहिले दोन-अडीच आठवडे खाली बसवलं की मालकाला त्याचं एक वर्ष जास्त मिळतं. 'अजून क्षेत्ररक्षण सुधारायचं आहे' असं एप्रिलमध्ये सांगतात, तेव्हा हे आठवा. मेजर लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारात यावर काही उतारे घातले आहेत, नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत आला तर त्याला पूर्ण वर्ष धरतात, पण हिशेब करणारे करतातच.

कधीकधी कुठलीच पायरी थांबवत नाही. पेटन टॉली हा डावखुरा पिचर २०२४ च्या ड्राफ्टमधला. २०२५ चा एप्रिल त्यानं ग्रीनव्हिलला काढला आणि २९ ऑगस्टला फेनवेवर पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्ससमोर त्याचं पदार्पण झालं. मला पोर्टलंडला जाऊन त्याला बघायला फुरसतच मिळाली नाही.

आणि तुमचा पोरगा गेला तर? काइल टील हा कॅचर दोन वर्षं माझ्या वहीत होता. डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टननं गॅरेट क्रोशे हा पिचर मिळवला आणि बदल्यात टील शिकागो व्हाइट सॉक्सला दिला. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. आम्ही ठरवलं, गेलेल्याला वहीत ठेवायचं, फक्त मागच्या पानावर.

७. मैदानावर जा, पण हिशेबानं

वूस्टरच्या पोलर पार्कमध्ये साडेनऊ हजार माणसं मावतात. बॉस्टनहून येणाऱ्यांनी कम्यूटर रेल्वेनं युनियन स्टेशनला उतरावं, तिथून चालत जाता येतं. गाडी आणलीत तर कनॅल डिस्ट्रिक्टमध्ये पार्किंगसाठी वेळ धरून ठेवा. पिवळा हसरा चेहरा सगळीकडे दिसेल, कारण तो जगप्रसिद्ध चेहरा १९६३ मध्ये याच गावात काढला गेला. मैदानावरच्या शुभंकराचं नावही त्यावरूनच.

तिकीट आगाऊ काढायचं असेल तर बॅटरच्या नावावर काढू नका. २०२५ च्या मे महिन्यात मी अँथनीसाठी जूनच्या मधल्या मालिकेची चार तिकिटं घेतली. ७ जूनला त्यानं ४९७ फुटांचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन) मारला. आम्ही घरी नाचलो. ९ तारखेला तो बॉस्टनला गेला. त्या सामन्याला आम्ही गेलो, पॉपकॉर्न खाल्ले, आलो.

पिचरसाठी मात्र गणित करता येतं. सहा दिवसांच्या आठवड्यात सुरुवातीचा पिचर साधारण आठवड्याला एकदाच येतो, मंगळवारी टाकलेला कधीकधी रविवारी परत. मागच्या दोन खेपांच्या तारखा बघा, पुढचा वार काढा, आणि तिकीट सामन्याच्या आदल्या दिवशी घ्या, संघ नाव जाहीर करतो तेव्हा. एकदा मी हा हिशेब न करता सव्वादोन तास गाडी चालवत पोर्टलंडला गेले. ज्याला बघायचं होतं त्यानं आदल्या रात्रीच सहा इनिंग टाकल्या होत्या. समुद्रावर लॉब्स्टर रोल खाऊन परत.

बसायचं कुठे? होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे, दहा-बारा ओळी वर. तिथं एप्रिलपासून तेच-तेच चेहरे दिसतात: गुडघ्यावर वही, हातात वेग मोजायची बंदूक, डोक्यावर कुठल्याच संघाची नसलेली टोपी. हे दुसऱ्या संघांचे स्काउट. एका जुलैच्या संध्याकाळी त्यांच्यातला एक आमच्या पुढच्या ओळीत होता. वूस्टरच्या बॅटरनं पहिल्याच चेंडूवर कुंपणाबाहेर फटका मारला. सगळं मैदान उभं राहिलं. हा गडी खाली वहीत बघत होता. पुढच्या खेपेला तोच बॅटर सात चेंडू खेळून वॉकवर गेला, तेव्हा त्यानं पेन काढलं आणि दोन ओळी लिहिल्या. मुलानं मला कोपर मारलं. घरी येऊन त्यानंही वहीत त्या होम रनला एक शब्द आणि त्या वॉकला अर्धं पान दिलं.

त्यांच्याच आसपास संघाच्याच जर्सीतली एक-दोन पोरंही कागद घेऊन बसलेली दिसतील. ते त्या दिवशी न टाकणारे पिचर, चेंडूंची नोंद ठेवत असतात. पहिल्या दोन इनिंग त्यांना बोलतं करू नका. नंतर मुलांनी विचारलं तर बहुतेक जण हसून उत्तर देतात. सह्या हव्या असतील तर सामन्याआधी तासभर लवकर, बाकाच्या कडेला. पोरं विशीतली आहेत, रात्रभर बसनं आलेली असतात. खेळाडू संघटनेशी झालेल्या २०२३ च्या करारानं ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला, आधी तो याच्या निम्मा होता. एका पोराला दहा कार्डं सही करायला देऊन ती विकणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. एक कार्ड, एक धन्यवाद.

सामना लांबला तर कुरकुरू नका. याच संघानं पॉटकेटला असताना १९८१ मध्ये रॉचेस्टरविरुद्ध ३३ इनिंगचा सामना खेळला, व्यावसायिक बेसबॉलमधला सगळ्यात लांब. १८ एप्रिलला सुरू झाला, २३ जूनला संपला.

८. सप्टेंबरनंतर वही मिटू नका

हा भाग थोडक्यात, कारण इथं बघण्यापेक्षा वाचायचं जास्त असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ॲरिझोना फॉल लीग. प्रत्येक संघ आपली थोडी निवडक पोरं पाठवतो. दुखापतीत मोसम गेलेले तिथं उणीव भरून काढतात.

नोव्हेंबरच्या मध्यावर महत्त्वाची तारीख. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्याला पाच मोसमांनंतर, आणि एकोणिसाव्या वर्षी किंवा नंतर करार केलेल्याला चार मोसमांनंतर मेजर लीग संघाच्या चाळीस जणांच्या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरात 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. अट एवढीच की पुढचं पूर्ण वर्ष त्याला मेजर लीगच्या सव्वीस जणांत ठेवायचं, नाहीतर निम्म्या किमतीत परत द्यायला काढायचं. आपल्या आठांपैकी कोणाची मुदत भरते आहे ते ऑगस्टमध्येच वहीत लिहून ठेवा. सप्टेंबरात एखाद्याला घाईनं का वर नेलं, हे त्यावरून उमगतं.

वहीतून नाव कधी काढायचं, याचाही नियम आहे. मेजर लीगमध्ये १३० ॲट-बॅट, किंवा ५० इनिंग, किंवा ४५ दिवस झाले की तो अधिकृतपणे नवोदित राहत नाही, याद्यांतून गळतो. आम्ही त्या दिवशी त्याच्या पानावर बाबांच्या पद्धतीनं तारीख घालतो आणि पेपरातलं कात्रण चिकटवतो. बाबांना फोन करून सांगतो. ते विचारतात, "किती वर्षांचा आहे?"

१५ जानेवारीला परदेशी मुलांच्या करारांची नवी खिडकी उघडते. व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिकमधली सोळा वर्षांची नावं येतात, बहुतेकांचा एकच फोटो आणि एक वाक्याची माहिती. त्यातलं एक मी डोळे मिटून उचलते. पाच-सहा वर्षांनी वूस्टरला आला तर आला.